मुंढ्यापर्यंत

"ताई, तुमचे साहेब किती उंच आहेत हो?" मामांनी विचारलं, आणि तिला पटकन उत्तर देता येईना.

वीज गेली होती. एक्स-रेचं यंत्र मुकाट पडलं होतं, बाहेर बाकावर चार-सहा पेशंट हातातल्या कागदांनी वारा घेत होते, आणि वॉर्डबॉय मामांना टेकायला जागा हवी होती म्हणून त्यांनी खुर्चीवरचं तिचं विणकाम उचललं होतं. वॉर्डातल्या चादरी झटकून झटकून हाताला लागलेली सवय. त्यांनी ते झटकलं, ताणलं आणि गंमत म्हणून स्वतःच्या अंगाला लावून पाहिलं. गोल सुई त्यांच्या काखेशी होती. स्वेटरची खालची पट्टी, जी माणसाच्या कमरेवर बसते, ती त्यांच्या गुडघ्यांवर लोंबत होती. मामा काही बुटके नव्हते.

"गाऊन असेल तर प्रश्नच नाही," मामा म्हणाले. "खाली पायजम्याचा खर्च वाचला."

"उंच आहेत," ती म्हणाली.

"असतील. पण त्यांनी हात कुठून बाहेर काढायचे?"

"अजून मुंढ्यापर्यंत आलं नाहीये."

"अजून?" मामा म्हणाले. मग त्यांनी ते चादरीसारखं चौपदरी घडी करून तिच्या मांडीवर ठेवलं आणि पेशंटना पाणी हवंय का बघायला बाहेर गेले. मामांचं हे एक बरं होतं, टोचलेली सुई ते पुन्हा हलवून बघत नसत.

उंच. म्हणजे किती? तिच्या कपाळापासून किती, असं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की माझं कपाळ त्याच्या गळ्याखालच्या खळग्यात बसतं. पण ते आता पाठ केलेलं वाक्य झालं होतं, कपाळाला स्वतःला काही आठवत नव्हतं. घरात त्याची उंची जागोजागी राहिली होती. न्हाणीघरातला आरसा त्यानं त्याच्या तोंडासमोर येईल असा ठोकला होता, आणि तो गेल्यापासून तिनं त्यात फक्त आपला भांग आणि भुवया बघितल्या होत्या. नाकाखालची बाई आपल्याच घरात आपल्याला दिसत नाही हे तिच्या लक्षात यायचं, खिळा काढून आरसा हातभर खाली आणावा असंही वाटायचं, आणि मग वाटायचं, कशाला, येईलच की. माळ्यावरच्या डब्याला हात पुरावा म्हणून ती स्टूल घ्यायची आणि काम झालं की पुन्हा जागेवर ठेवायची, जणू स्टूल दुसऱ्याकडून मागून आणलंय. सगळं घर तिनं असं त्याच्या मापाचं ठेवलं होतं. आणि ज्या एका गोष्टीला खरोखर त्याचं माप लागणार होतं तिला ती माप लावायचं टाळत आली होती. हे तिला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. ठाऊक असणं आणि मामांच्या गुडघ्यांवर ते लोंबताना दिसणं यात फरक आहे, एवढंच.

तो निघाला त्या आठवड्यात तिनं टाके घातले होते. ओल्या दगडाच्या रंगाची लोकर, त्यानंच निवडलेली. "मळखाऊ असू दे," तो म्हणाला होता, "तिकडे धूळच धूळ असणार." धरणाच्या कामावर सर्व्हेयर. एका वर्षाचं काम, वर्ष म्हणजे काय, डोळे मिटून उघडायचे. तो परत येईल तेव्हा स्वेटर तयार असेल, असा तिचा मनातल्या मनात बेत. कुणाला सांगितला नव्हता, त्यालाही नाही. खालची पट्टी कशी झरझर झाली. सुरुवातीच्या कामाला हात आपणहून धावतात, सुलट-उलट, सुलट-उलट, पट्टी आपली बोटागणिक वाढलेली दिसते, शेजारीण बघून "अगंबाई, एवढं झालंसुद्धा?" म्हणते. मग पट्टी संपते आणि अंग सुरू होतं. अंगात नुसते सुलट. गोल सुईवरच्या विणीला कड नसते, ओळ संपत नाही, फिरून तिथेच येते आणि तिथूनच पुढे जाते. सुलट, सुलट, सुलट, यात चुकायला काही नाही आणि आठवायलाही काही नाही. लोकरवाल्या बाई तिला म्हणाल्या होत्या की निम्म्या बायका इथेच हात टेकतात. "तोंडं पाडून येतात हो माझ्याकडे, अर्धवट पिशवी घेऊन. बाई, कंटाळा आला, विकत घ्या म्हणतात. मी काय त्यांची अर्धी अंगं घेऊन दुकानात टांगू?" त्यांनीच तिला युक्ती शिकवली होती: अधूनमधून आतल्या बाजूनं एका टाक्यात रंगीत दोरा अडकवून ठेवायचा, म्हणजे मागे वळून बघितलं की कुठून कुठवर आलो ते दिसतं आणि मन धरून राहतं. ती दर रविवारी त्याचा फोन झाला की एक लाल दोरा अडकवायची. कुणी स्वेटर आतून उलटा करून बघितला असता तर त्याला वाटलं असतं, हिनं पोटातून एक लाल शेपट्यांची रांग चालवली आहे.

मन धरून राहिलं. तोच घोटाळा झाला. वर्ष सरलं आणि काम लांबलं. तो मध्ये आठ दिवस येऊन गेला. आठ दिवस दोघं एकमेकांच्या घरी पाहुणे आल्यासारखे वागले. त्यानं विचारलं, कप कुठे ठेवतेस हल्ली, आणि तिला त्या "हल्ली"चा इतका राग आला की तिनं कप काढून त्याच्यापुढे जरा आपटलाच. स्वेटर त्या आठ दिवसांत तिनं कपाटात ठेवला होता. तेव्हाच अंगाला लावून बघता आला असता. तेव्हाच मुंढ्याचं माप घेता आलं असतं, कारण तेव्हा स्वेटर जवळजवळ तिथवर आला होता. पण मुंढा म्हटलं की गोल फिरणं थांबवावं लागतं. जिथे बाही जोडायची तिथे काखेखाली काही टाके बंद करायचे, पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी. मग खांदे, गळा, बाह्या, आणि झालं. आणि झालेल्या वस्तूचं काय करतात? कागदात गुंडाळतात, पत्ता घालतात, पाठवतात. तिथे तो ती घालतो आणि त्याला ऊब येते आणि मग त्याला इकडे यायचं कारणच...

"वीज आली ताई," दारातून मामा म्हणाले.

आली. यंत्रानं खाकरून घसा साफ केला. पहिल्या म्हाताऱ्या बाई आत आल्या, छातीच्या फोटोसाठी, पदर कुठे ठेवायचा या विवंचनेत. तिनं त्यांना पाटीसमोर उभं केलं, हनुवटी वर ठेवली, खांदे पुढे ओढले. दिवसभर ती लोकांच्या खांद्यांना हात लावत असे. पडके खांदे, ताठ खांदे, ओझ्यांनी एका बाजूला झुकलेले. शर्टातून, पोलक्यातून, परक्या घामातून तिला खांद्याचं हाड अचूक सापडायचं. मग ती शिशाच्या काचेमागे जाऊन म्हणायची, "श्वास घ्या. पूर्ण. धरून ठेवा." माणसं तिच्या शब्दावर श्वास धरून उभी राहत. आणि कधीकधी, यंत्राचा आवाज होऊन गेल्यावरही, ती "सोडा" म्हणायला विसरायची. एखादा गरीब माणूस गाल फुगवून डोळे मोठे करत तसाच उभा राहायचा, बाईंनी सांगितलं नाही म्हणून.

त्याला तिनं इथेच पाहिलं, याच पाटीसमोर. स्कूटरवरून पडून आला होता, गळ्याखालचं हाड मोडलेलं. "श्वास धरा," ती म्हणाली, आणि त्यानं जो धरला तो अजून सोडला नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. "हिनं माझं तोंड बघायच्या आधी माझी हाडं बघितली. बाकीच्यांच्या बायका नंतर हाडं मोजतात, हिनं आधीच मोजून घेतली." लग्नाच्या पंगतीत, मित्रांच्या घरी, नव्या शेजाऱ्यांकडे. लोक हसायचे. तीही हसायची...

नाही. असं नव्हतं ते. मागे जायला हवं.

हाड त्याचं मोडलं नव्हतं. मनगट मोडलं होतं त्याच्या आईचं, ओल्या फरशीवर पाय घसरून. तो नुसता बरोबर आला होता. आईंचा हात प्लेटवर स्थिर राहीना, दुखत होता म्हणून आणि स्वभाव म्हणून. "धरा हो जरा त्यांचा कोपर," असं तिनंच त्याला सांगितलं आणि जास्तीचा शिशाचा एप्रन त्याच्या गळ्यात अडकवला. त्याचं तोंड तिनं नीट पाहिलंही नाही. प्लेट धुऊन आली तेव्हा आईंच्या मनगटाशेजारी, जिथे नको होती तिथे, त्याची बोटं आली होती. लांब, सरळ, एकमेकांना चिकटून, आईच्या मोडक्या हाडाशी लागून. डॉक्टर चिडले, नातेवाइकांची बोटं कशाला काढता म्हणाले, आणि तिला फोटो पुन्हा काढावा लागला. तो त्या संध्याकाळी पुन्हा आला, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली म्हणून. हे एवढंच खरं होतं. याच्यावर कुणी हसलं नसतं. स्कूटर त्यानं नंतर विणली, आणि इतक्या वेळा विणली की तिलाही त्याच्या गळ्याखाली एक जुनं सांधलेलं हाड असल्यासारखं वाटू लागलं होतं. आता तो दूर आहे आणि तिला त्याचा खांदा आठवायचा आहे, तर हाताशी येतंय ते हे स्कूटरचं खोटं हाड.

"बाई, सोडू का?" पाटीसमोरच्या म्हाताऱ्या बाई कसंबसं म्हणाल्या.

"सोडा, सोडा," ती म्हणाली.

गेल्या रविवारी तो फोनवर म्हणाला होता, "दुसरा टप्पा मिळालाय कंपनीला. मला विचारतायत, थांबशील का. काय करू सांग."

"तुला वाटेल ते कर."

"मला काय वाटायचंय. तू सांग."

"मी काय सांगणार? काम तुझं आहे."

"बरं," तो म्हणाला होता. मग थोडं थांबून, "पुढच्या रविवारपर्यंत सांगायचंय त्यांना." मग नेहमीचा प्रश्न, "माझा स्वेटर कुठवर आला?" आणि तिचं नेहमीचं उत्तर, "मध्येच आहे."

आठवडाभर ते "बरं" तिच्या डोक्यात गोल फिरत होतं. त्या "बरं"मध्ये सुटका होती की हिरमोड, हे तिला कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून ती विणत होती. त्याला थांबायचं असेल आणि मी ये म्हटलं तर तो येईल. तो तसा शब्द ऐकणारा माणूस आहे, धर म्हटलं की धरून उभा राहणारा. येईल आणि खुर्चीत बसेल आणि कपांची जागा विचारेल, आणि जन्मभर मला त्याच्या तोंडावर वाचावं लागेल की हिनं बोलावलं म्हणून आलोय. त्यापेक्षा त्यानं आपणहून यावं. आपणहून येत नाही याचा अर्थ काय, हे विचारायला नको म्हणून सुलट, सुलट, सुलट. मधल्या भागात बरं असतं. मधल्या भागात कुणी काही विचारत नाही, चाललंय ना, असं म्हणून लोक पुढे जातात. परवा ती आणखी लोकर आणायला गेली तेव्हा लोकरवाल्या बाईंनी गुंडे मोजता मोजता चष्म्यावरून बघितलं. "एवढ्यात दोघांचे झाले असते हो."

"सासूबाईंचाही करतेय," ती म्हणाली होती. सरळ खोटं.

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस असतो. ती घरी आली तेव्हा सासूबाई बाल्कनीच्या दारात उन्हाला पाय सोडून वाटाणे सोलत होत्या. त्यांचा तो हात सांधला तेव्हा किंचित वाकडाच सांधला होता. वाटी धरली की मनगट बाहेरच्या बाजूला बघायचं, कुणाला तरी खुणावल्यासारखं.

"आई," ती चप्पल न काढताच म्हणाली, "याचा खांदा केवढा आहे?"

"कुणाचा?"

"तुमच्या मुलाचा."

"बायको असून मला विचारतेस?" सासूबाईंनी एक वाटाणा तोंडात टाकला. "माझ्याकडे होता तेव्हा एवढा होता." त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांत एक लहानसं अंतर दाखवलं. "नंतरचं तुझ्या हिशेबात."

तिनं कपाटातून त्याचा जुना शर्ट काढला, पलंगावर पसरला, शिवणीवर टेप ठेवली आणि तशीच उभी राहिली. शर्ट खोटा निघाला होता. तो गेल्यापासून थंडीचा तो शर्ट ती झोपताना घालत आली होती, बाह्या दुमडून, धुऊन, पुन्हा घालून. कोपर तिच्या कोपराशी फुगले होते, खांदे तिच्या खांद्यांवरून घसरून घसरून खाली उतरले होते, काखेची शिवण तिच्या काखेशी आवळली होती. पहिले काही दिवस त्याला वास होता. वास गेला तरी माप राहील असं तिनं धरलं होतं. आता त्या शर्टात कुणीच नव्हतं, ना तो, ना ती. दोघांच्या मधलं कुणीतरी हात पसरून पलंगावर पडलं होतं.

"आण इकडे ते तुझं गाठोडं," दारातून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वेटर हातात घेतला, वर धरला, खाली सोडला. "हे काय गं? याला उशीचा अभ्रा करायचा होता का?"

"उसवायचाय."

"मग उसव. बघत काय बसलीस."

त्यांनी वाटाण्यांची परात बाजूला सारली आणि दोन्ही हात समोर धरले, लोकर गुंडाळून घ्यायला. तिनं सुई काढली. सुई काढल्यावर सगळे टाके उघडे, तोंड वासून राहिले. मग तिनं दोरा ओढला. टरटर, टरटर करत वीण सुटू लागली, एक फेर, मग दुसरा, कुरळी झालेली लोकर सासूबाईंच्या हातांवर चढू लागली. किती सहज. ती रोज बसून, पाठ दुखेतो, पेशंट आणि पेशंट यांच्या मधल्या फटींत, बसच्या थांब्यावर, फोडणी तडतडेपर्यंत जे विणत होती ते एका श्वासात जात होतं. मध्येच एक लाल दोरा टपकन फरशीवर पडला. मग थोड्या वेळानं आणखी एक. तिला ते ओळखता येत होते, म्हणजे ओळखता येतात असं वाटत होतं: हा तो रविवार, जेव्हा त्याचा घसा बसला होता आणि तो काढा घेतला म्हणून खोटं बोलला. हा तो, जेव्हा फोनमध्ये मागे कुणीतरी बासरी वाजवत होतं आणि दोघंही काही न बोलता ती ऐकत राहिली. हा तो, ज्यात फक्त गॅस सिलिंडरचं बोलणं झालं. फरशीवर सगळे सारखेच दिसत होते.

"तुझे सासरे फिरतीवर असायचे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात लोकरीसाठी डावी-उजवीकडे डुलत होते, वाकडं मनगट प्रत्येक फेराला थोडं मागे राहत होतं. "औषधाच्या कंपनीत. महिन्यातले वीस दिवस बाहेर. बॅग भरायची मीच. एकदाही म्हटलं नाही, नका जाऊ. म्हटलं, पुरुष माणूस आहे, पोटासाठी जातोय, आपण कशाला पाय ओढा. आणि गंमत ऐक. मरेपर्यंत ते सगळ्यांना सांगायचे, हिला माझी घरात अडचण होते, मी गेलो की हिला बरं वाटतं."

तिनं लोकर ओढायचं थांबवलं.

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"काय सांगू? तोवर माझं मलाही तसंच वाटायला लागलं होतं." सासूबाईंनी हात किंचित हलवले. "ओढ ना. हात भरून आले माझे."

ती ओढत राहिली. कुठवर उसवायचं, हे तिलाही माहीत नव्हतं. खालची पट्टी मामांच्या गुडघ्यांवर होती तिथून मनात मोजत वर आली, मग कमरेपाशी लाल दोऱ्यांचा एक दाट पट्टा लागला आणि तिथे तिनं अंदाजानं थांबवलं. उघडे टाके एकेक करून सुईवर उचलून घेतले. ऊन बाल्कनीतून निघून गेलं होतं. सासूबाईंच्या हातांत लोकरीची ही मोठी लडी, वळ्यावळ्यांची, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या केसांसारखी. त्यांनी ती हातातून काढून खुर्चीच्या पाठीवर चढवली आणि वाटाणे घेऊन आत गेल्या. रविवारपर्यंत त्या खुर्चीत कुणी बसलं नाही.

फोन रविवारी सकाळी आला, नेहमीच्या वेळेपेक्षा जरा लवकर.

"आई बरी आहे?"

"बरी आहे. तू बोलायच्या आधीच म्हणतेय, त्याला विचार, जेवतोस का नीट."

"जेवतो म्हणावं." मागे कुठेतरी ट्रक चालू होऊन बंद पडल्याचा आवाज. "स्वेटर कुठवर आला?"

"उसवला."

"सगळा?"

"नाही. जास्तीचा."

"जास्तीचा म्हणजे?"

"गुडघ्यापर्यंत आला होता."

तो हसला. खूप दिवसांनी असा मोठ्यानं हसला, आणि हसता हसता मध्येच थांबला. "तुला कळलं नाही विणताना?"

"कळत होतं," ती म्हणाली.

ट्रक पुन्हा चालू झाला. मग लांब गेला.

"मला माप हवंय तुझं," ती म्हणाली. "खांद्यापासून काखेपर्यंत."

"शर्ट आहे ना घरी माझा?"

"तो मी घालते."

"कधी?"

"झोपताना."

तो मग म्हणाला, "थांब, मोजून सांगतो." फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज, पावलं, खडबड. ती कानाला फोन लावून त्याची खोली ऐकत राहिली, जी तिनं कधी पाहिली नव्हती. पत्र्याचं कपाट असावं, खिडकी उघडी असावी. तो परत आला. "माझ्याकडची टेप पन्नास मीटरची आहे. तेवढा खांदा नाही माझा."

"वितीनं मोज."

"मोजतोय." मग धडपड, मग एक छोटा वैतागलेला श्वास. "नाही गं जमत. ज्या हातानं मोजायचं त्याची वीत तिथवर जात नाही, आणि हात वर केला की खांदाच वर जातो. एकट्याला होत नाही हे. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो." तो सहज म्हणाला, कामावर रोज म्हणत असेल तसं. "शेजारच्या खोलीत ओव्हरसियर आहे, त्याला हाक मारू का?"

"नको."

हे ती इतक्या पटकन म्हणाली की स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातला डाव थांबला.

"मग?" तो म्हणाला.

मध्ये असतं तेव्हा बोट पुढच्या टाक्यात आपोआप जातं. इथे पुढचा टाका दिसत नव्हता. तोंडाशी "तुला वाटेल तसं" आलं होतं, तयार, रोजच्या वापरानं गुळगुळीत झालेलं. ते गिळायला तिला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तो दोनदा "हॅलो" म्हणाला.

"मग तू ये," ती म्हणाली.

"मापाला?"

"मापाला ये."

"आणि ते दुसऱ्या टप्प्याचं? त्यांना आज सांगायचंय मला."

"मागच्या रविवारी तू विचारलंस तेव्हा मी तुला वाटेल ते कर म्हटलं. ते खोटं होतं. मला तू इथे हवा आहेस. तुला थांबायचं असेल तर तसं सांग, मला राग येईल, रडूही येईल, ते माझं मी बघेन. पण मी सांगितलं नाही असं व्हायला नको."

स्वयंपाकघरातला डाव अजून हलला नव्हता. पलीकडे तो श्वास घेतोय की फोनच घरघरतोय, कळत नव्हतं. मग त्याचा आवाज आला, जरा बसलेला, हिशेब करत असल्यासारखा, म्हणजे तो घाबरला की बोलतो तसा.

"किती दिवस लागतील?"

"मुंढे आहेत. मग खांदे, गळा. आणि दोन बाह्या."

"हो, पण त्याला वेळ किती लागतो साधारण?"

"ते मी किती लांबवते त्यावर आहे," ती म्हणाली. "आणि लांबवायला मी आता चांगली शिकलेय."